तीन भाषांच्या घरातल्या मुलीने रॅप कोणत्या भाषेत करावा? एम.आय.ए.च्या वाटचालीवरून एक उत्तर

तुझा प्रश्न मला कळला तो असा: वय 21, बाबा कोल्हापूरचे, आई केरळची, शाळा मस्कतमध्ये झाली आणि आता पुण्यात कॉलेज. इंग्रजी, मराठी आणि मल्याळम, तिन्ही भाषांत तू लिहितेस. ब्रिटिश-तमिळ रॅपर एम.आय.ए. ही तुझी आवडती कलाकार. मित्र म्हणतात, एक भाषा धर, नाहीतर लोकांना तू कुठली तेच कळणार नाही. आणि तुला विचारायचंय की एम.आय.ए.ने केलं तसं करिअर इथल्या मुलीला जमेल का.

मी रॅप रेकॉर्ड करते, मिक्स करते, मुलींसाठी कार्यशाळा घेते. वयाने तुझ्यापेक्षा बरीच मोठी आहे, म्हणून सरळ अगं-तुगं करते.

मला वाटतं, भाषा ही तुझी खरी अडचण नाही. तुझ्याकडे साहित्य भरपूर आहे, पण ते कानाला ऐकू येईल असं अजून कुठे उतरलेलं नाही. 'मी अर्धी मल्याळी, अर्धी मराठी' हे इन्स्टाग्रामच्या परिचयात लिहिलंस, गाण्यातही लिहिलंस, तर ऐकणाऱ्याला ती फक्त माहिती मिळते. एम.आय.ए.कडून शिकायचं ते नेमकं हेच: तिच्या गाण्यांत तिची पार्श्वभूमी सांगितलेली कमी आणि वाजलेली जास्त आहे. बाकी तुझा आवाज मी ऐकलेला नाही, घरची परिस्थिती मला माहीत नाही, दोन-तीन वर्षं कमाईविना निघतील की नाही तेही ठाऊक नाही. त्यामुळे 'जमेल' की 'जमणार नाही' हे मी सांगणार नाही. कसं करायचं, ते सांगू शकते.

आधी तिच्या आयुष्याचा क्रम नीट बघ, कारण लोक थेट शेवटची पायरी बघतात. एम.आय.ए.चं खरं नाव मातंगी अरुळप्रगासम, घरची माया, जन्म 1975, लंडन. काही महिन्यांची असताना कुटुंब श्रीलंकेत परतलं आणि जाफनात वाढ झाली. वडील तमिळ चळवळीत, त्यामुळे घरात क्वचितच. युद्ध पेटलं, मधला काही काळ चेन्नईत गेला आणि 1986 मध्ये आई मुलांना घेऊन निर्वासित म्हणून लंडनला पोचली. दक्षिण लंडनमधल्या मिचम भागात सरकारी वसाहतीत घर मिळालं. आई शिवणकाम करायची. इंग्रजी शिकण्याच्या त्या वयात मायाच्या कानावर शेजारपाजारचं हिप-हॉप पडत होतं. पुढे सेंट्रल सेंट मार्टिन्समध्ये तिने फिल्मचं शिक्षण घेतलं, स्टेन्सिल आणि स्प्रेची चित्रं केली, इलॅस्टिका या बँडसाठी अल्बमचं मुखपृष्ठ केलं आणि त्यांच्या दौऱ्यावर कॅमेरा घेऊन गेली. पहिला अल्बम 'अरुलर' आला 2005 मध्ये. म्हणजे लंडनला उतरल्यापासून 19 वर्षांनी, तिशीच्या उंबरठ्यावर. त्याच वर्षी त्याला मर्क्युरी या ब्रिटनमधल्या सर्वोत्तम अल्बमच्या पुरस्काराचं नामांकन मिळालं. तू 21 व्या वर्षी 'उशीर झाला' म्हणून घाबरतेस, म्हणून ही वर्षं मुद्दाम मोजून दाखवली.

त्या मधल्या वर्षांत ती गायिका नव्हतीच. त्या दौऱ्यावर पीचेस नावाच्या कलाकाराने तिला रोलँडचं एमसी-505 हे यंत्र दाखवलं. ड्रमचे आवाज, बेस आणि तुकडे जोडायची सोय एकाच पेटीत असलेलं हे यंत्र. संगीताचं शिक्षण नसलेल्या बाईने त्यावर बटणं दाबत, जुन्या चार ट्रॅकच्या टेप मशीनवर 'गलांग'ची पहिली आवृत्ती उभी केली. 2003 मध्ये त्याच्या अवघ्या 500 प्रती निघाल्या, त्या डीजेंच्या हातात गेल्या आणि तिथून गाणं पसरलं. ते गाणं नीट ऐक. शब्द छोटे, आवर्तनं मोठी, मुलांच्या खेळातल्या बडबडीसारखी ओळ आणि खाली कडक ड्रम. ती कुठल्या देशाची हे गाण्यात सांगितलेलं नाही, पण उच्चारात लंडनही आहे आणि जमैकाची लय शिकलेलं लंडनही आहे. त्या शहरातल्या वस्त्यांमध्ये मुलं तशीच बोलतात.

यातून तुझ्यासाठी पहिली गोष्ट निघते. भाषा ठरवायच्या आधी ताल ठरव. तुझ्या अंगात कुठला ताल लहानपणापासून बसलाय? तू कोल्हापूरची आणि केरळची आहेस म्हणजे एका बाजूला हलगी आणि दुसऱ्या बाजूला चेंडा, केरळचा ढोल. इतकी श्रीमंती फार थोड्यांकडे असते. आणि माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या आठ मुली यूट्यूबवरून 'टाइप बीट', म्हणजे नावाजलेल्या कलाकाराच्या ढंगाचा तयार ताल, उतरवून त्यावर लिहितात! सरावाला ते ठीक आहे. पण त्या बीटवर तुझ्यासारख्याच आणखी शेकडो जणी लिहीत असतात.

एम.आय.ए.ने दुसऱ्या अल्बमच्या वेळी काय केलं बघ. अमेरिकेच्या व्हिसाची अडचण आली, ठरलेल्या निर्मात्यांबरोबर तिथे बसून काम करणं लांबलं. मग ती भारत, त्रिनिदाद, लायबेरिया, ऑस्ट्रेलिया असं फिरत रेकॉर्ड करत गेली. त्यातून 2007 मध्ये 'कला' आला, आईच्या नावाचा. चेन्नईत तिने उरुमी वाजवणाऱ्यांचा ताफा रेकॉर्ड केला. उरुमी हे तमिळ लोकवाद्य डमरूसारखं कमरेत बारीक असतं. एका तोंडावर काठीने ठोका मारतात आणि दुसऱ्या तोंडावर वाकडी काठी घासतात, त्यातून हुंकारासारखा, ओढून काढलेला आवाज येतो. 'बर्ड फ्लू'मध्ये तो आवाज पहिल्यापासून अंगावर येतो. तिने तो मऊ करून मागे टाकला नाही, पाश्चात्त्य कानाला सोपा करून दिला नाही. त्या गाण्याचा कणाच तो आहे. निर्माता स्विच यानेही ते ठोके गुळगुळीत केले नाहीत. मिक्स करणारी म्हणून सांगते, हा निर्णय धाडसाचा होता. लोकवाद्याचा ताफा सरळ ग्रिडवर, म्हणजे कॉम्प्युटरने आखलेल्या समान मात्रांवर, बसत नाही. ठोके किंचित पुढेमागे होतात आणि सगळा जीव त्या पुढेमागे होण्यात असतो.

तुला हलगी वापरायची असेल तर तयार लूप, म्हणजे परत परत वाजणारा रेकॉर्ड केलेला तुकडा, घेऊ नकोस. वाजवणाऱ्याकडे जा. चामड्याची हलगी वाजवायच्या आधी शेकतात, कातडं ताणलं की आवाज चढतो, गार झालं की उतरतो. म्हणून रेकॉर्डिंग मोकळ्या जागेत ठेव आणि शेकायची सोय हाताशी असू दे. बंद खोलीत दोन तास बसवून ठेवलंस तर दुसऱ्या तासाची हलगी पहिल्या तासाच्या हलगीशी जुळणार नाही. माइक जवळ लावू नकोस. बारीक काठीचा तडाखा इतका तीक्ष्ण असतो की मीटर लाल होतो आणि नंतर ते काहीही करून सुधारत नाही. दोन-तीन हात लांब, गेन (माइकची आवाज ओढायची पातळी) कमी, आणि आधी त्यांना पूर्ण जोरात वाजवायला सांगून पातळी ठरव, कारण रंगात आल्यावर ते नक्की जोरात वाजवणार. मानधन आधी ठरव, त्याच दिवशी दे आणि श्रेयनामावलीत त्यांचं पूर्ण नाव घाल. 'हलगी: पारंपरिक' असं लिहून मोकळं होऊ नकोस. हलगी ज्या समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या वाजवली त्यांना तिच्यामुळे किती अवहेलना सोसावी लागली हे तुला ठाऊक असायला हवं. त्या हाताचं नाव लपवून तुझं नाव मोठं होता कामा नये.

आता भाषा. मराठीत रॅप लिहिताना एक सापळा सगळ्यांना भेटतो. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे यमक आपोआप जुळतं आणि लिहिणाऱ्याला वाटतं, झालं. 'रस्त्यावर पाऊस पडत आहे, खिडकीत आजी बसली आहे.' जुळलं, पण आहे-आहे, गेलं-केलं, होतं-नव्हतं असं पानभर चाललं की कान झोपतो. क्रियापद पुढे आण, शेवटी नाम ठेव: 'पडतो पाऊस, भिजली गल्ली, खिडकीत आजी, हातात किल्ली.' आशय तोच, पण शेवटचा ठोका वस्तूवर पडतो आणि चित्र उभं राहतं. ओव्या आणि पोवाडे मोठ्याने म्हणून बघ. क्रियापद कुठे सरकवायचं, श्वास कुठे घ्यायचा, हे आपल्या बायकांनी आणि शाहिरांनी केव्हाच सोडवून ठेवलंय.

तिन्ही भाषा एकत्र आणायच्या असतील तर माझा नियम सोपा आहे: भाषा बदलली तर बोलणारी व्यक्ती किंवा ऐकणारी व्यक्ती बदललेली असली पाहिजे. आई रागावते ती मल्याळममध्ये, तर ती ओळ मल्याळममध्येच येऊ दे. कॉलेजातला मुलगा टोमणा मारतो तो पुणेरी मराठीत, तर तसाच. मस्कतच्या शाळेतल्या मैत्रिणीशी तू इंग्रजीत बोलायचीस, तिथे इंग्रजी. नुसतं 'मला तीन भाषा येतात' हे दाखवायला केलेली सरमिसळ दोन कडव्यांत उघडी पडते. आणि पुढच्या ओळीत भाषांतर देऊ नकोस. ऐकणाऱ्याला एखादी ओळ कळली नाही तरी आवाजातला राग कळतो. मित्र म्हणतात ती 'एक भाषा' निवडायची वेळ येईलही. समज, एखाद्या गाण्यात फक्त आजीची गोष्ट आहे, तर ते गाणं अख्खं मराठी असेल. पण ते त्या गाण्यापुरतं.

यापुढचा भाग कमी बोलला जातो आणि मुलींना तोच जास्त महागात पडतो: श्रेय. 'अरुलर'मधलं एकच गाणं डिप्लो या निर्मात्याने केलं होतं. 'गलांग' स्टीव्ह मॅकी आणि रॉस ऑर्टन यांच्याबरोबर झालं होतं. आणि मुळात सगळ्याची कल्पना, आराखडा मायाचा. तरी बरेच पत्रकार अल्बमचं श्रेय डिप्लोला देत राहिले. 2007 मध्ये एका मुलाखतीत तिने हे ठणकावून दुरुस्त केलं. मी स्वतः असंच पाहिलंय. मुलीने बीट बनवला, मित्राने फक्त मास्टर केला, म्हणजे शेवटची सफाई केली, आणि कार्यक्रमाच्या पोस्टरवर त्याचं नाव 'निर्माता' म्हणून आलं. म्हणून प्रोजेक्ट फाइल तुझ्या लॅपटॉपवर ठेव, प्रत्येक टप्प्याची तारखेनिशी प्रत ठेव, स्टुडिओत बसलेली असताना छोटे व्हिडिओ घे. गाणं पूर्ण झालं त्याच संध्याकाळी कोणाचा किती वाटा हे कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घे. स्टुडिओत याला स्प्लिट शीट म्हणतात. मैत्रीत हे मागायला अवघड वाटतं, पण गाणं चालल्यावर मागायला त्याहून अवघड जातं.

सॅम्पलचंही, म्हणजे दुसऱ्याच्या गाण्यातून कापून घेतलेल्या तुकड्याचंही, तसंच. 'पेपर प्लेन्स' हे तिचं सगळ्यात गाजलेलं गाणं, 2008 मध्ये बिलबोर्ड हॉट 100 वर चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. परदेशातून आलेल्या माणसाकडे लोक ज्या संशयाने बघतात, तो संशयच तिने गाण्यातल्या पात्राच्या तोंडी घातलाय. त्यातल्या बंदुकीच्या आवाजांवर टीव्हीवाल्यांनी कात्री चालवली तेव्हा ती उघड नाराज झाली. पण मी तुला सांगत होते ती वेगळी गोष्ट. त्याची धून 'द क्लॅश' या ब्रिटिश बँडच्या 1982 च्या गाण्यावर उभी आहे, आणि म्हणून गीतकार-संगीतकारांच्या यादीत माया आणि डिप्लो यांच्यासोबत क्लॅशच्या चौघांचीही नावं आहेत. उत्पन्नाचा वाटा तिकडेही जातो. तू आजोबांच्या आवडीचं एखादं जुनं मराठी नाहीतर मल्याळम गाणं कापून वापरणार असशील, तर परवानगी आधी. गाणं व्हायरल झाल्यावर कंपनीचं पत्र येतं तेव्हा वाटाघाट करायची ताकद उरत नाही. आणि हे ठेव लक्षात: 2012 च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून दुसऱ्या कुणाला लिहून देता येत नाही. करारात कुणी 'सगळे हक्क कायमचे' असं कलम पुढे केलं तर तिथे थांब आणि वकिलाला दाखव. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी सोसायटी म्हणजे आयपीआरएस, तिचं सभासदत्वही लवकर घे.

करार न वाचता सही करण्याबद्दल तिच्याच आयुष्यातलं उदाहरण घे. फेब्रुवारी 2012 मध्ये अमेरिकेतल्या सुपर बोलच्या मध्यंतरात मॅडोनाबरोबर गाताना तिने कॅमेऱ्याकडे बघून मधलं बोट दाखवलं. क्षणभराची गोष्ट. फुटबॉल लीगने तिच्याविरुद्ध लवादात दावा केला आणि मागणी पुढे 1 कोटी 66 लाख डॉलरपर्यंत नेली. 2014 मध्ये तडजोड झाली. त्या हावभावाबद्दल तुझं-माझं मत काहीही असो, अशा कार्यक्रमांच्या करारात कलाकाराच्या वर्तनाची जबाबदारी कलाकारावर टाकणारी कलमं असतात. कॉलेज फेस्टच्या करारातही असतात. ती वाचून मग मंचावर जे करायचं ते कर.

तू प्रश्नात शेवटी घाईघाईत लिहिलंस की 'लोक म्हणतील दोन्हीकडची नाही.' हे होणार. मायाला श्रीलंकेत दहशतवाद्यांची समर्थक म्हटलं गेलं, आणि पाश्चात्त्य माध्यमांत तिच्या पुढच्या काळातल्या श्रीमंत राहणीचा आणि निर्वासितांबद्दलच्या बोलण्याचा हिशेब मांडला गेला. 2009 मध्ये श्रीलंकेतल्या युद्धाच्या शेवटच्या महिन्यांत तमिळ नागरिक मरत होते. तेव्हा जगभर ऐकू जाईल असा तमिळ आवाज जवळजवळ तिचा एकटीचाच होता, आणि तिने तो वापरला. त्याच फेब्रुवारीत दिवस भरलेले असताना ती ग्रॅमीच्या मंचावर उभी राहिली, ए. आर. रहमान यांच्याबरोबर केलेल्या 'ओ साया'साठी ऑस्करचं नामांकनही तेव्हाचंच. त्या वर्षाबद्दल मला तिचा नितांत आदर आहे. पण 2016 मध्ये अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चळवळीची इतर पीडितांशी तुलना करणारं तिचं बोलणं प्रसिद्ध झालं, लोक दुखावले, आणि कृष्णवर्णीय कलाकारांच्या अफ्रोपंक या महोत्सवाच्या लंडनमधल्या मुख्य कार्यक्रमातून तिचं नाव गेलं. ती इतर पीडितांची बाजू मांडू पाहत होती हे मी समजू शकते. तरी ज्यांच्या कलेवर आपण उभ्या आहोत त्यांच्या दुःखाला मोजपट्टी लावायची नसते असं माझं ठाम मत आहे.

हे तुलाही लागू आहे. हिप-हॉप न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांनी जन्माला घातलं. ऑगस्ट 1973 ची ज्या पार्टीपासून त्याची सुरुवात मानतात, तिथे रेकॉर्ड वाजवणारा कूल हर्क जमैकात जन्मलेला होता, आणि ती पार्टी भरवली होती त्याच्या बहिणीने, सिंडी कॅम्पबेलने, शाळेच्या नव्या कपड्यांचे पैसे उभे करायला. म्हणजे स्थलांतरित घर आणि पुढाकार घेणारी मुलगी दोन्ही या कलेच्या पायातच आहेत. तुला इथे परकं वाटायचं कारण नाही. मात्र त्यांचे खास शब्द, त्यांचे उच्चार उसने घेऊन बोलू नकोस. कोल्हापुरी बोलीत पुरेसा दणका आहे.

इथल्या मुलींचं काय, तर उदाहरणं आहेत. कल्याणमध्ये मल्याळी घरात वाढलेली दीपा उन्नीकृष्णन 'डी एमसी' या नावाने मुंबईच्या वर्तुळातून पुढे आली, 'गली बॉय' या चित्रपटातही दिसली. तुझ्या घराशी जवळचं घर म्हणून तिचं काम मुद्दाम ऐक. राजा कुमारीचा रस्ता वेगळा: कॅलिफोर्नियातल्या तेलुगू घरातली, शास्त्रीय नृत्य शिकलेली, आणि स्वतःच्या नावाने गाजण्याआधी इतरांसाठी गाणी लिहिणारी. फॉल आउट बॉय या अमेरिकन बँडच्या 'सेंच्युरीज' गाण्याच्या लेखकांत तिचं नाव आहे. नृत्यातले बोल ती रॅपमध्ये आणते तेव्हा ते सजावट वाटत नाहीत, कारण पायांनी ते आधी घोकलेले असतात. पैशाच्या दृष्टीने हा रस्ता मी जास्त मुलींना सुचवते. जाहिराती, मालिका, इतर गायकांसाठी लिहिलंस तर घरभाडं निघतं आणि स्वतःच्या गाण्याला वेळ मिळतो. फक्त स्ट्रीमिंगवर सुरुवातीला घर चालत नाही, हे घरच्यांनाही आधीच सांगून ठेव. शिक्षण सोडायचं की नाही हे घरावर अवलंबून आहे. मायाने फिल्मचं शिक्षण पूर्ण केलं आणि पुढे मुखपृष्ठांपासून व्हिडिओंपर्यंत तिचा हात दिसत राहिला, इतकं ध्यानात घे.

थोडक्यात, आधी ताल, मग गाण्यागणिक भाषा. माणसांना मानधन आणि नाव. कागद त्याच दिवशी.

आणखी एक सांगायचं राहिलं. 2020 च्या जानेवारीत ब्रिटिश सरकारचा एमबीई हा सन्मान माया घेऊन आली. तिच्या आईने त्या देशात आल्यापासून वर्षानुवर्षं राजघराण्याकडून दिली जाणारी हीच पदकं हाताने शिवायचं काम केलं होतं, आणि आईच्या मानासाठी आपण ते घेतलं असं तिने सांगितलं. तू लिहून पाठवलेल्या तिन्ही भाषांच्या गाण्यांत मला घरातल्या कामाबद्दल एकही ओळ दिसली नाही. आई मस्कतमध्ये काय काम करायची? बाबा कोल्हापूर सोडून का गेले, पहिल्या पगारातून घरी काय पाठवलं? दोघांना वेगवेगळं बसवून फोनवर रेकॉर्ड कर, ज्या भाषेत ते बोलतील त्या भाषेत. मग त्या दोन रेकॉर्डिंगवरून सोळा ओळी लिही आणि बीटशिवाय, नुसत्या टाळीवर म्हणून इथेच टाक. मल्याळम ओळींचा अर्थ लिहू नकोस, मी आधी नुसतं ऐकेन.